तिसऱ्या अंकाची सही

ग्रंथालयाच्या त्या मुलीला मी पहिल्यांदा फोनवर झापलं, तेव्हा ती बिचारी मला नियमच सांगत होती. अंधांसाठी मोबाइलवर पुस्तकं ऐकायची सोय करणारं ते ग्रंथालय. ती पुण्याहून बोलत होती आणि मी कळंबजवळच्या आमच्या गावात, अंगणाच्या ज्या कोपऱ्यात रेंज येते तिथे भिंतीला टेकून उभी होते. ती म्हणाली, छापलेलं नाटक असेल तर कुणाला विचारावं लागत नाही. ज्याला डोळ्यांनी वाचता येत नाही त्याच्यासाठी ऐकण्याजोगी प्रत करायला कायद्यानं मोकळीक दिलेली आहे. फक्त ती प्रत सभासदांपुरती ठेवायची, डोळस माणसाला द्यायची नाही, आणि तिच्यावरून प्रयोग लावायचा नाही, कारण प्रयोगाची परवानगी वेगळी असते. पण तुमचं नाटक कधी छापलंच गेलं नाही ना काकू, ती म्हणाली, मग आमच्याकडे लेखकाच्या सगळ्या वारसांच्या सह्या लागतात.

"सगळ्या म्हणजे?"

"सगळ्या म्हणजे सगळ्या. एकानं जरी नाही म्हटलं तरी आम्हाला ते घेता येत नाही."

मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं. फोनवर आवाज चढवायची सवय तिथलीच. मी म्हटलं, "अगं बाई, लेखक गेला, मंडळ मोडलं, नाटकाची एकुलती एक वही ग्रामपंचायतीच्या पेटीत उधईनं खाऊन टाकली. आता ते नाटक फक्त एका आंधळ्या माणसाच्या डोक्यात आहे आणि तुम्ही सह्या कसल्या मागता?" पलीकडून ती हळूच म्हणाली, "त्यांना अख्खं पाठ आहे?"

अख्खं पाठ होतं. आमचे हे सोसायटीत कारकून होते, पण गावाला त्यांची ओळख ती नव्हती. माघातल्या जत्रेला आमच्या गावचं नाट्यमंडळ नाटक करायचं आणि हे त्याचे प्रॉम्प्टर होते. आमच्याकडच्या नाटकात प्रॉम्प्टर म्हणजे काय चीज असते ते शहरातल्या माणसाला कळायचं नाही. नट सगळे शेतातले. कापूस वेचून, बैलांना चारा टाकून तालमीला येणार आणि जांभया देणार. त्यांचं अर्धंमुर्धं पाठ व्हायचं. नटी तर बाहेरून आणलेली, ती जत्रेच्या दिवशी संध्याकाळच्या बसनं उतरायची आणि तिनं नाटक वाचलेलंही नसायचं. मग विंगेत उभं राहून हे प्रत्येक वाक्य आधी हळू आवाजात म्हणत आणि नट ते उचलून मोठ्यानं फेकत. पुढच्या रांगेतल्या लोकांना सगळं नाटक दोनदा ऐकू येई आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नसे.

काचबिंदूनं ह्यांची नजर हळूहळू गेली. आधी कडेचं दिसेना, मग समोरचं. निवृत्तीनंतर दिवसभर खाटेवर बसून हे दाराच्या उजेडाकडे तोंड करून असत, तोही उजेड पुढे कळेनासा झाला. तेव्हा यवतमाळच्या एका डॉक्टरनं ह्या ग्रंथालयाचं सांगितलं. सभासद झाले आणि माणूस पुन्हा माणसात आला. दिवसभर कानात इयरफोनचं ते बोंड अडकवून नाटकं ऐकायचे. मधेच म्हणायचे, "हा वाचणारा चुकला, इथं थांबाले पाह्यजे." आणि एक दिवस म्हणाले, "दादाचं नाटक नाही वो याच्यात."

दादा म्हणजे आमच्या मंडळाचे लेखक. त्यांची शेती मोठी, सगळी कपाशीची. आधी ते पौराणिक लिहायचे, बरं लिहायचे, इतकंच. कपाशीवर अमेरिकन अळी आली त्या वर्षांतल्या एका वर्षी त्यांचा धाकटा मुलगा गेला. डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत भर उन्हात पंप पाठीला बांधून त्यानं फवारणी केली होती. चक्कर आली, तोंडाला फेस आला, यवतमाळच्या दवाखान्यात नेलं आणि तिथून त्याला परत आणलं ते चादरीत गुंडाळून. लग्न ठरत आलेला मुलगा होता. पुढच्या जत्रेपर्यंत दादांनी त्याच्यावर नाटक लिहून काढलं.

तीन अंकी होतं. पहिल्या अंकात घर, हसणंखिदळणं, थोरल्या बहिणीचं लग्न. दुसऱ्यात अळी आणि फवारणी. तिसऱ्यात अंगणातली खाट, कारण रंगमंचावर दवाखाना कुठून आणणार. बहीण सासरहून धावत येते, भावाचं डोकं मांडीवर घेते आणि तो जातो. त्या जागेला बायकांच्या बाजूला रडू आवरत नसे. मी दगडासारखी बाई, पण मीही पदर तोंडात धरून बसायची. दादा स्वतः कधी समोर बसले नाहीत. नाटक सुरू झालं की ते चहाच्या टपरीमागे जाऊन उभे राहायचे. दरवर्षी गावाला तेच नाटक लागे. वर्गणी होईनाशी झाली, पोरं पुण्याकडे कंपन्यांत गेली, तोवर ते चाललं. मग मंडळही थांबलं आणि दादाही गेले.

तर हे नाटक ग्रंथालयात जावं, हा ह्यांचा ध्यास झाला. "मी गेलो का ते बी गेलं," असं ते म्हणत, आणि ते खरंच होतं. पुण्याच्या मुलीनं आणखीही नियम सांगितले होते. नाटक एकाच आवाजात वाचायचं. आधी पात्राचं नाव, मग वाक्य. कंसातल्या सूचनाही वाचायच्या. अभिनय करायचा नाही, रडायचं नाही, गाणं असेल तर चाल लावायची नाही. ऐकणाऱ्याला जसं कागदावर असतं तसं मिळालं पाहिजे. ह्यांना ते फार पटलं. म्हणाले, "हे तं आपलंच काम झालं. प्रॉम्प्टर कुठी रडते."

पण घोडं अडलं भलतीकडेच. ह्यांना ते नाटक मोठ्यानं म्हणताच येईना. उभ्या आयुष्यात नाटकातलं एकही वाक्य त्यांनी खुल्या आवाजात म्हटलेलं नव्हतं. मोबाइल समोर ठेवला, मी खूण केली, आणि हे विंगेतल्या आवाजात कुजबुजले. मोबाइलनं टिपली ती शेजारची कोंबडी. मी म्हटलं, "मोठ्यानं बोला ना." त्यांनी घसा साफ केला, सुरुवात केली आणि वाक्य विसरले. हळू आवाजात म्हटलं की धडाधड आठवे, मोठ्यानं म्हटलं की कोरं. शेवटी आम्ही जे जमतं ते केलं. हे कुजबुजायचे, मी ते उचलून मोबाइलात वाचायची. वाक्य दिलं की हे मान जरा तिरपी करून थांबत. मी ते म्हणेपर्यंत पुढचं देत नसत. मी अडखळले तर तेच वाक्य पुन्हा, तितक्याच हळू. सुधारून नाही, रागावून नाही.

त्या दुपारी आमच्या संसारातल्या फार चांगल्या होत्या. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद, दोघंही घामानं निथळतोय, आणि मी कधी दादा, कधी त्यांची बायको, कधी फवारणीचं औषध विकणारा दुकानदार. एवढं आम्ही एकमेकांशी कधी बोललो नव्हतो, आणि बोललो ते सगळं दुसऱ्याचं. दोन अंक झाले. मी पुण्याला कळवलं. ती मुलगी आनंदली आणि लगेच कचरली. म्हणाली, "काकू, आधी सह्या घ्या ना. सह्या नाही आल्या तर तुमची मेहनत वाया जाईल." मी विचारलं, हा हक्क संपतो तरी कधी. ती म्हणाली, लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी. ह्यांनी खाटेवरून ओरडून सांगितलं, "तिले म्हणा, साठ वर्षांनी येतो मग." तीही हसली. मग ह्यांनी मला विचारायला लावलं, की नाटकात प्रॉम्प्टरचा काही हक्क असतो का. तिनं प्रामाणिकपणे सांगितलं की कायद्यात तसं काही नाही. ह्यांना वाईट वाटलं नाही. मला वाटलं.

दादांची बायको त्यांच्याआधीच गेली होती, म्हणून वारस दोनच. थोरला मुलगा गावातच. त्यानं बांधावर मोटरसायकलच्या सीटवर कागद ठेवून सही केली. "बाबाचं नाटक मोबाइलात येते का? करा ना काकू, मले कायले विचारता." दुसरी वारस त्यांची मुलगी, राजूरला दिलेली. तिचा नवरा खाणीत. तिची सही म्हणजे फक्त जाऊन यायचं काम, असं मी समजून चालले. नाटकातली बहीण म्हणजे ती. तिच्याइतकं हे नाटक दुसऱ्या कुणाला प्रिय असणार?

वणीला बस बदलून मी राजूरला पोचले. कॉलनीतल्या घरांच्या पत्र्यांवर, तुळशीच्या पानांवर कोळशाची काळी पूड. तिनं मला ओळखलं, पाया पडली, चहा ठेवला. माहेरचं माणूस आलं म्हणून हरखली होती. मी कागद पुढे केला आणि सगळं सांगितलं. ती ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं कागदाची घडी घातली आणि माझ्याकडे परत सरकवली.

"नाही काकू. मी नाही देत सही."

मला वाटलं भावाशी शेतीवरून काही बिनसलं असेल. तसं मी विचारलंही. ती नाही म्हणाली. मग मी माझ्या स्वभावावर गेले. म्हटलं, "अवो, तुह्या बाबाचं नाव राहीन. तुह्या भावाचं राहीन. काका तिकडं आंधळे बसून राह्यले, त्याईले दुसरं काई नाही पाह्यजे. एक सही मागून राह्यली मी, जमीन नाही मागून राह्यली."

ती चहाच्या कपाकडे बघत म्हणाली, "काकू, मी गेलीच नोती."

"कुठी?"

"त्याच्यापाशी. नाटकात मी पोचतो ना. मी पोचली नोती."

मी त्या वर्षी कळंबला खोली करून राहत होते, शाळा तिथे होती. मुलगा गेला तेव्हा मी गावात नव्हते. मला जे माहीत होतं ते नाटकातलं. ती सांगत गेली आणि मी ऐकत राहिले. निरोप कॉलनीतल्या दुकानात फोनवर आला होता. नवरा पाळीला गेलेला. सासू म्हणाली, तो आला की त्याच्यासंगं जाय, लेकरू घेऊन एकली कायले जातं. पोरगं तान्हं होतं. ती नवऱ्याची वाट पाहत दारात बसली. कपड्याची पिशवी भरून मांडीवर घेऊन बसली. यवतमाळची शेवटची गाडी गेली. दुसऱ्या दिवशी ती गावात उतरली तेव्हा लोकं नदीवरून परत येत होती.

"बाबा त्याईच्यातच होता," ती म्हणाली. "माह्याकडं पाह्यलं आन् पुढं चालला गेला. रागावला नाही. त्या दिवशी नाही, मांगून बी नाही. एक डाव बी इचारलं नाही का तू काहून नाही आली. इचारलं असतं तं मी सांगतलं असतं, काकू. रडली असती, पाया पडली असती. त्यानं नाटक लिहिलं. नाटकात मले आणून बसवलं त्याच्यापाशी. आता गावातली नवीन सुनवारी मले म्हणते, ताई, तुमी होत्या म्हणून त्याले मांडी भेटली. मी काय सांगू त्याईले? बाबानं मले माफ केलं का माह्यावर झाकण घातलं, मले आजवर समजलं नाही."

तिनं डोळे पुसले नाहीत, रडतही नव्हती. फक्त म्हणाली, "आता ते मोबाइलात जाईन. कुठीबी, कोनीबी, कवाबी ऐकन. जत्रा तरी वर्षातून एक डाव येत होती." मग उठून तिनं माझ्या पिशवीत घरच्या चिवड्याची पुडी घातली आणि बसपर्यंत सोडायला आली.

परतीच्या बसमध्ये मला तिचा राग आला. खोटं कशाला बोलू, आला. एवढ्या वर्षांची गोष्ट, एवढं काय कुरवाळायचं, माणसं तर ह्यापेक्षा मोठी दुःखं गिळतात, असं सगळं मी मनात बोलून घेतलं. पांढऱ्या कपाशीची शेतं मागे जात होती. कळंब येईपर्यंत माझा राग तिच्यावरून नियमावर गेला, नियमावरून दादांवर, आणि दादांवरून कुठे न्यावा ते कळेना.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मीच आणत होतो तिले."

"म्हणजे?"

"ते नटी बसमधून उतरे, तिले काय माहीत राहे. तिची एंट्री मीच देत होतो. तिचं वाक्य पह्यले माह्या तोंडातून जाये. दरवर्षी मीच आणत होतो त्या पोरीले, आन् ते पोरगी तिकडं..." त्या रात्री ते जेवले नाहीत.

मला अजून मार्ग सुचत होते. मी म्हटलं, तिसऱ्या अंकातून बहीण काढून टाकू. शेवट तसाच ठेवू, फक्त आई घेईल मांडीवर. ह्यांनी मान हलवली. "दादाचं वाक्य मी बदलत नाही." पुण्याच्या मुलीला विचारलं तर तीही तेच म्हणाली, वारसांच्या संमतीशिवाय नाटकात फेरफार करता येत नाही. मग निदान झालेले दोन अंक तरी ठेवा, मी म्हटलं. ती म्हणाली, "काकू, दोन अंक पण त्याच नाटकाचे आहेत ना." ती वाईट मुलगी नव्हती आणि नियमही वाईट नव्हता. कुणाच्या मरणावर कुणी काय लिहिलं आणि ते कुणी ऐकायचं, ह्यात त्या घरच्या मुलीला नाही म्हणता आलंच पाहिजे. हे मला तेव्हाही समजत होतं आणि आजही समजतं. पण समजलं म्हणून काही दुखायचं थांबत नाही. ह्यांनी मला ते दोन्ही अंक मोबाइलातून काढून टाकायला लावले. त्यात आवाज तर माझाच होता.

त्यानंतर हे ग्रंथालयातलं काही ऐकेनासे झाले. कानातलं ते बोंड उशाशी पडून असे. मी विचारलं तर म्हणत, "मंग ऐकतो." जेवण कमी झालं, दिवाळीच्या सुमारास खाट सुटेना. डॉक्टरनं छातीत पाणी सांगितलं. हे त्याच थंडीत गेले, पण त्याआधी दादांची मुलगी येऊन गेली.

भाऊबीजेला ती थोरल्या भावाकडे आली होती. ओवाळून झाल्यावर जाताना आमच्याकडे डोकावली. काकांची तब्येत कळली होती, असं म्हणाली. मी तिला आत घेतलं, पण माझं तोंड आंबलेलंच होतं. ती खाटेजवळ जमिनीवर बसली. ह्यांनी हात चाचपत पुढे केला, तिनं तो आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. दोघं इकडचं तिकडचं बोलले. मुलगा आता कॉलेजला आहे, नवऱ्याला दम्याचा त्रास आहे, राजूरला पाणी खराब येतं. मग तिनं विषय काढला.

"काका, सही मी देत नाही. रागावू नका."

"नाही रे बाप्पा. मी कायले रागावतो."

"पन एक सांगा मले. नाटकात मी येतो, तं मी काय म्हणतो त्याले?"

ह्यांनी चेहरा तिच्या आवाजाकडे वळवला. "तू कधी ऐकलं नाही?"

"नाही. दुसरा अंक सरला का मी उठून जात होती."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला वाटलं, हे नाही म्हणतील, किंवा विषय बदलतील. ह्यांनी ओठांवरून जीभ फिरवली, कोपरावर जरा उठले, आणि तिच्या कानाच्या रोखानं विंगेतल्या आवाजात म्हणाले, "आली रे मी, बाबू. डोये उघड. मी आली."

आणि मान तिरपी करून थांबले. मला कळलं हे कशासाठी थांबलेत. ह्यांना दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं ते नाटक सांगताच येत नव्हतं. तीही समजली असावी, कारण तिनं माझ्याकडे पाहिलं. मला पुढे होऊन सांगायचं होतं, की अवो, त्याईची सवय हाये ते, तू नको म्हणू. पण मी दारातच राहिले. ह्यांनी थोडी वाट पाहिली आणि तेच वाक्य पुन्हा दिलं, तितक्याच हळू.

ती गुडघ्यांवर उठली. खाटेची कड दोन्ही हातांनी धरून खुल्या आवाजात म्हणाली, "नाही आली रे मी, बाबू. गाडी चालली गेली. मी पिशवी घेऊन दारात बसली होती रे. नाही आली मी."

पुढचं वाक्य भावाचं होतं. ती ह्यांच्या तोंडाकडे बघत ते ऐकायला थांबली. ह्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. तिनं जे म्हटलं होतं, त्याला दादांनी उत्तर लिहिलेलंच नव्हतं.